माझी पाठ आणि नवा कॅमेरा

नव्या कॅमेऱ्यात सगळ्यात स्वच्छ काय दिसलं असेल, तर माझी पाठ. ब्लाउजची उसवलेली शिवण, पदराला लागलेली हळद, मानेवर सुटलेले पांढरे केस, सगळं अगदी जवळून बघितल्यासारखं दिसत होतं. पोराने हौसेने बाहेरच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि पहिल्याच दिवशी बाकावरच्या बायका माझी पाठ बघत बसल्या. "काकी, जरा कडंला सरका की," असं त्यातली एक ओरडली. मी सरकले नाही, ऐकू आलं नाही असं दाखवलं. डंक चालू असताना ऐकू न येणं फार सोयीचं असतं.

बाहेरगावच्या माणसाला डंक सांगावा लागतो. आमच्या कोल्हापुरात चटणी म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूला वाढतात ती नव्हे. वर्षभर आमटीत, भाजीत, रश्श्यात पडणारं लाल तिखट, कांदा-लसूण आणि मसाला घालून कुटलेलं, ती चटणी. उन्हाळा लागला की घरोघरी मिरच्या वाळवतात, देठं काढतात, मसाला भाजतात, खोबरं-तीळ परततात, कांदा तळतात आणि सगळं डब्यांत भरून आमच्यासारख्यांकडे कुटायला आणतात. आमच्याकडे विजेवर चालणारी लोखंडी मुसळं आहेत आणि त्यांच्याखाली लोखंडी उखळं. तोच आमचा डंक. सासूबाईंनी सुरू केला, त्यांच्यामागे मी चालवते. मालक होते तोवर मशीनचं ते बघायचे. आता पट्टा निसटला तर मीच चढवते आणि मशीनला शिव्याही मीच घालते.

सासूबाई बोलायला तिखट होत्या, पण डंकावर त्यांची एक शिस्त होती. कुणाचा डबा उघडला की त्या उखळाच्या तोंडाशी येऊन उभ्या राहायच्या, रांगेतल्या बायकांकडे पाठ करून. आत काय पडतंय ते फक्त त्यांना आणि जिचा डबा आहे तिलाच दिसायचं. कुणी मान लांब केली तर म्हणायच्या, "तुझा नंबर आला की तुझं बघ." मी नवी असताना मला वाटायचं, मिरचीचा खकाणा दुसऱ्यांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्या अशा उभ्या राहतात. पुढं कळलं. डब्यात नुसता मसाला नसतो. खोबरं किती, खसखस आहे का, मिरची ब्याडगी आहे की नुसतीच लवंगी, यावरून घरात यंदा काय चाललंय ते कळतं. ज्या घरात काही बरं चाललेलं नसतं, तिथली बाईसुद्धा चटणी कुटायला येतेच. न येऊन करते काय? म्हणून मीही तशीच उभी राहायला लागले. आता ती सवय अंगात मुरली आहे.

जुना कॅमेरा मालकांनी बसवला होता. त्याच्या काचेवर एवढ्या वर्षांचं तिखट बसलेलं. मी पदराने पुसायची, त्याने ते आणखी पसरायचं. चित्र असं दिसायचं की धुक्यात दोन म्हशी उभ्या आहेत की दोन बायका, ते देवालाच ठाऊक. त्यातून आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई नाकातोंडावर पदर गुंडाळून उभी असते, नाहीतर ठसक्याने जीव जाईल. म्हणजे चित्र चांगलं असतं तरी चेहरा दिसला नसता.

गेल्या उन्हाळ्यात दोघींची चटणी बदलली. सारखेच स्टीलचे डबे, सारखीच झाकणं. एक गारगोटीची, लेकीकडे आलेली, दुसरी आमच्याच गल्लीतली. गारगोटीची म्हणाली, माझ्या चटणीत नागकेशर होतं, ह्यात न्हाय. गल्लीतली म्हणाली, मग मी काय तुझं नागकेशर खाल्लं व्हय? शब्दाने शब्द वाढला, बघ्यांनी दोन बाजू घेतल्या. पोराने कॅमेऱ्यातलं जुनं चित्र मोबाइलवर काढलं आणि सगळ्या त्याच्याभोवती गोळा झाल्या. दोन धुरकट ठिपके, दोन धुरकट डबे. कोणता ठिपका कोणता डबा घेऊन गेला हे शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी मी दोन्ही डब्यांतल्या चटण्या चाखल्या आणि निकाल दिला. तो दोघींनाही पटला नाही.

त्या दिवशी पोराने ठरवलं की नवे कॅमेरे आणायचे, एचडी. तो एमआयडीसीत कामाला आहे, डंकावर फक्त सुट्टीच्या दिवशी येतो आणि त्या एका दिवसात आठवडाभराचं डोकं चालवतो. पोरगा माझा गुणी आहे, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्याला नावं ठेवाल. त्याचं म्हणणं, बायकांनी खकाण्यात कशाला उभं राहायचं? आत खोकत बसतात, कडेवर लेकरं असतात. बाहेर बाक टाकू, भिंतीवर टीव्ही लावू, प्रत्येकीला आपली चटणी कुटताना बाहेर बसून दिसेल. डबेही ओळखू येतील आणि भांडणं होणार नाहीत. यात चुकीचं मला काहीच दिसलं नाही. मला स्वतःला खोकल्याने बेजार केलंय, त्यामुळे मी तर लगेच हो म्हणाले.

कॅमेरे बसवायला आला तो हातकणंगल्याकडचा, वयाने पोक्त, डोक्यावर टोपी. आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस शिंकतो, हे ठरलेलं. हा शिडीवर चढून शिंकायला लागला आणि थांबेचना. मी खालून शिडी धरून उभी. "मावशी, तुमी दिवसभर हितं कशा ऱ्हाता ओ?" असं त्याने दोन शिंकांच्या मध्ये विचारलं. मी म्हटलं, "तुमी नुसतं वास घेताय, आमी ह्यावर पोट भरतोय." त्याने जुना कॅमेरा काढून माझ्या हातात दिला तेव्हा माझी बोटं लाल झाली. नवा लावला, टीव्ही सुरू केला, आणि खरं सांगायचं तर मी बघतच राहिले. उखळात पडलेली एक एक मिरची वेगळी दिसत होती. ब्याडगीच्या सुरकुत्या दिसत होत्या.

पहिले काही दिवस मजेचे गेले. बायका आपला डबा झाला तरी हलेनात. बाकावर बसून टीव्ही बघायच्या, शेंगा खायच्या, आणि कुणाच्या चटणीत काय पडतंय यावर चर्चा. "आगं, ही धणं न भाजताच घालत्या." "आमच्यात मेथीचं दाणं घालत न्हाईत, कडू होतंय." एकीने दुसरीचं बघून चक्रीफूल घालायचं ठरवलं आणि घरी पळत जाऊन घेऊन आली. मीही हसत होते. एरवी माझ्या पाठीमागं सगळं झाकलेलं असायचं, पण कॅमेरा वरच्या कोपऱ्यात होता आणि मी कितीही मध्ये आले तरी खांद्यावरून त्याला थोडं दिसायचंच.

मग हळूहळू बोलण्याला धार आली. एका नव्या सुनेचा डबा उखळात पडला तेव्हा बाकावरून आवाज आला, "खोबरं जरा हात आखडूनच घातलंय की." सून आत माझ्याशेजारी उभी होती, तिला डंकाच्या आवाजात ऐकू गेलं नाही, पण बाहेर गेल्यावर सगळ्यांचे चेहरे बघून काहीतरी कळलं. पदर नाकावरून तिने काढलाच नाही, तशीच घरी गेली. मला तेव्हाच चौकातल्या वहिनी आठवल्या. त्यांचं यायचं अजून बाकी होतं.

चौकातल्या वहिनी म्हणजे एके काळचं मोठं घर. उद्यमनगरात त्यांच्या मालकांचा कारखाना होता, घरात उठबस मोठी, उन्हाळ्यात त्यांची चटणी कुटायला आमचा अर्धा दिवस जायचा. मोठा पितळी डबा, वर पांढरं स्वच्छ फडकं बांधलेलं. चटणी झाली की वहिनी रांगेतल्या प्रत्येकीच्या तळहातावर चिमूट ठेवायच्या, चव बघा म्हणायच्या. ही आमच्याकडची रीतच आहे, पण त्यांच्यासारखं हसून कुणी देत नाही. पुढं कारखाना बंद पडला, मालकांनी अंथरूण धरलं. डबा तोच राहिला, फडकंही तसंच पांढरं, पण आतलं तळाशी गेलं.

ज्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा फटकी मिरची आणली, ते मला लख्ख आठवतं. फटकी म्हणजे पाऊस लागून रंग उडालेली, पांढरट डागांची मिरची. लक्ष्मीपुरीच्या बाजारात ती वेगळा ढीग करून ठेवतात, स्वस्त मिळते. मी फडकं सोडलं आणि मिरची बघितली. वहिनी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होत्या, जणू त्यावर पहिल्यांदाच काहीतरी छापलंय. मी डबा उखळात ओतला आणि पाठ करून उभी राहिले. त्यानंतर त्या दरवर्षी भर दुपारी येतात, गर्दी नसताना, आणि चिमूट कुणालाच देत नाहीत. आमच्यात याबद्दल एक शब्द कधी झाला नाही. मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, आणि तेवढ्यावर आमचं चाललं होतं.

जुन्या कॅमेऱ्यात फटकी आणि ब्याडगी सारखीच काळपट दिसायची. नव्यात लालभडक रंग दिसतो, त्यामुळे उडालेला रंगही दिसतो.

त्या आल्या तेव्हा दुपारच होती, पण टीव्हीमुळे दुपारीही बाक भरलेला. आत मी दुसऱ्याच कुणाचा तरी घाणा काढत होते. त्यात थोड्या फटक्या मिसळलेल्या होत्या, व्यापाऱ्याने फसवलं असेल. बाहेर आमच्या गल्लीतली सगळ्यात मोठ्या तोंडाची, जिला मी मनातल्या मनात रेडिओ म्हणते, ती बोलली, "फटकी घालून कोल्हापुरी चटणी म्हणायची व्हय? त्यापरीस विकतची खाल्लेली बरी." सगळ्या हसल्या. मी दारातून बघितलं तर वहिनी पायरीवर उभ्या, डबा कमरेला, नजर टीव्हीवर. माझं लक्ष गेलं तशा म्हणाल्या, "मीठ विसरलं बघा. आणते."

"मीठ हाय की हितं," मी म्हटलं.

"आमचं घरचंच बरं," असं म्हणून त्या वळल्या. त्या जाताना मी डब्याकडे बघत होते. फडक्याची गाठ त्यांनी हाताखाली घट्ट धरली होती.

मीठ घेऊन त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत, पुढच्या आठवड्यातही नाहीत. आमचा हंगाम पावसाच्या आधी संपतो, एकदा हवेत ओल आली की कुटलेली चटणी टिकत नाही. मी रोज दुपारी दाराकडे बघायची. एकदा वाटलं घरी जावं. पण जाऊन सांगायचं काय? या, कुणाला दिसणार नाही, असं? म्हणजे जे इतकी वर्षं बोललो नाही तेच दारात उभं राहून बोलायचं. माझं तोंड फटकळ आहे, साऱ्या पेठेला ठाऊक आहे, पण ते वाक्य माझ्याच्याने उच्चारलं गेलं नसतं.

मग एक दिवस किराणा दुकानात त्या दिसल्या. दुकानदार त्यांच्या पिशवीत तिखटाचं छोटं पाकीट टाकत होता, रंगीत चित्राचं, तयार तिखट. आमची नजरानजर झाली. त्यांनी पिशवी पदराआड घेतली आणि मी साबणाच्या वड्यांकडे बघायला लागले. कोल्हापुरातल्या बाईला विकतचं तिखट घ्यावं लागणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या बाईलाच कळेल. मला रडू आलं आणि रागही आला, आणि राग नेमका कुणाचा हे कळेना म्हणून मी तो पोरावर काढला.

"तो टीव्ही काढ," मी म्हटलं.

"का गं? काय झालं?"

"मला आवडत न्हाय."

पोरगा समजूतदारपणे म्हणाला, "आई, यंदा एक तरी भांडण झालं का? डबं बदललं का? आणि तूच मधी उभी ऱ्हातीयास, एवढा खर्च करून लोकांनी तुझी पाठ बघायची व्हय?" आणि त्याने काय करावं, तर दुसऱ्या दिवशी त्या शिंकणाऱ्या माणसाला बोलावून कॅमेरा बरोब्बर उखळाच्या वर, छतालाच बसवून घेतला. आता मी कशीही उभी राहिले तरी काही झाकलं जात नव्हतं. टीव्हीत उखळाचं तोंड आ वासून दिसत होतं आणि कडेला माझ्या डोक्याचा भांग.

पोरगा कामाला गेल्यावर मी त्या माणसाला चहा दिला. विचारलं, "हे जरा धुरकट करता येतंय का? पैल्यासारखं?"

तो कपातला चहा सांडेपर्यंत हसला. "मावशी, लोक मला फोन करून शिव्या घालत्यात, चित्र धुरकट हाय म्हणून. धुरकट करून द्या म्हणणाऱ्या तुमीच." मग माझा चेहरा बघून त्याने कप खाली ठेवला. "का ओ? कुणाचं काय दिसू ने असं हाय का?"

"उखळात काय पडतंय ते दिसू ने. डबा दिसू दे, हात दिसू दे, बाई दिसू दे. आत बघायचं काय काम?"

तो नाक पुसत म्हणाला, "माझी आईबी चटणी घेऊन जायाची डंकाला. पदराखाली झाकून." मग त्याने मोबाइल काढून मला दाखवलं. चित्रातल्या हव्या त्या जागेवर काळा चौकोन टाकता येतो. बँकेत म्हणे असंच करतात, मशीनवर लोक गुप्त आकडे दाबतात तेवढी जागा काळी ठेवतात. बाकी सगळं तसंच स्वच्छ. फक्त ते करायला पोराच्या मोबाइलवरून परवानगी लागणार होती.

संध्याकाळी पोरगा आला. मी त्याला जेवायला वाढलं आणि सांगितलं, असा असा चौकोन टाक.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. माझी पाठ दुखाय लागल्या."

तो जेवायचा थांबला. आजी अशी पाठ करून उभी राहायची, हे त्याने लहानपणी डंकावर पोत्यांवर लोळत बघितलेलं आहे. माझ्याकडे बघत बघत त्याने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, खाल्ला. हात धुऊन आला, मोबाइल घेतला, बोटाने चौकोन ओढला आणि म्हणाला, "बघ, एवढा बास का?" मी म्हटलं, थोडा मोठा कर. त्याने केला. म्हणूनच म्हणते, पोरगा गुणी आहे.

आता हे वहिनींपर्यंत पोचवायचं कसं? त्याची मला काळजी नव्हती. सकाळी रेडिओ बाकावर येऊन बसली आणि टीव्ही बघून तिचं तोंड पडलं. मधोमध काळा चौकोन, कडेने डबे आणि हात.

"काकी, हे काय ओ? मधलं काय दिसंना की."

"बिघडलाय."

"मग दुरुस्त करा की. आमी बघायचं काय?"

"तो माणूस म्हणतोय, ह्याला काय इलाज न्हाय. कायमचंच गेलंय." एवढं बोलून मी डंक सुरू केला. जेवणाच्या वेळेपर्यंत ही बातमी गल्लीतून चौकात, चौकातून मंडईत गेली असणार, याची मला खात्री होती. रेडिओने आयुष्यात केलेलं हे सगळ्यात चांगलं काम, आणि तिला ते कधी कळणार नाही.

वहिनी दोन दिवसांनी आल्या. आभाळ भरून यायला लागलं होतं. बाक भरलेला होता, तरी त्या आल्या. पायरीवर थांबून त्यांनी आधी टीव्ही बघितला, नीट, वेळ घेऊन. मग आत येऊन डबा माझ्यापुढे ठेवला. मी फडक्याची गाठ सोडली. मिरची गेल्या वर्षीपेक्षाही फिकट होती. मी ती उखळात ओतली आणि सवयीने पाठ वळवून उभी राहिले, जरी आता त्याची गरज नव्हती.

दरवर्षी त्या घाणा होईपर्यंत माझ्या खांद्याशी उभ्या असायच्या, खोकला दाबत. त्या दिवशी त्या तिथं थांबल्या नाहीत. बाहेर गेल्या. बाकावरच्या बायका सरकल्या, त्यांना जागा दिली, कुणीतरी शेंगा पुढं केल्या. टीव्हीत सगळ्यांना त्यांचा पितळी डबा दिसत होता, घासून लखलखीत केलेला, आणि शेजारी काळा चौकोन. रेडिओ म्हणाली, "किती दिसानं बसलाय ओ वहिनी आमच्यात." त्या काय म्हणाल्या ते मला डंकाच्या आवाजात खरंच ऐकू आलं नाही.

चटणी झाली. शेवटी मूठभर मीठ घालून मी उखळं निपटली आणि डबा बांधून त्यांच्या हातात दिला. या वेळी मीठ त्यांनी घरून आणलं होतं, न विसरता. निघताना त्यांनी भिंतीवर नजर टाकली.

"टीव्ही बिघडलाय म्हणत्यात," त्यांनी विचारलं.

"व्हय. मधला तेवढाच भाग."

त्यांनी डबा कमरेला घेतला. पदर नाकावरून खाली केला. एवढ्या जवळून त्यांचा चेहरा मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता.

"मग दुरुस्त करू नका," त्या म्हणाल्या.